पडायचं काम

दशावतारात मी चौतीस वर्षं मेलो. एका खेळात कमीत कमी दोनदा. आधी राक्षसाचा एक शिपाई म्हणून, मग आत जाऊन मुंडासं बदललं की दुसरा शिपाई म्हणून. माणसं कमी असली तर तिसऱ्यांदाही. मारणारा मात्र कायम एकच, दाजी कोचरेकर. आमच्या मंडळीचा राजा तो. इंद्र असो, राम असो, कुठल्या नावगाव नसलेल्या देशाचा राजा असो, मुकुट दाजीच्या डोक्यावर आणि तलवारीखाली मी.

लोक दाजीला बघायला येत. मी कसा मरतो हे मला आयुष्यात कोणी विचारलं नाही. विचारलं ते ईराने, तेही मी बहात्तर वर्षांचा झाल्यावर.

सोमवारची सकाळ होती. मी अंगणात आमसुलं उलटत होतो. बिनआवाजाची स्कूटर दारात कधी आली ते कळलंच नाही. तिशीच्या आतली मुलगी, पाठीला पिशवी, हातात टिफिनपेक्षा थोडा मोठा डबा.

"गुणाजी मेस्त तुम्हीच का?"

"मीच."

"मरणारे?"

मी आमसुलं खाली ठेवली. "अजून वेळ आहे," मी म्हटलं.

ती गोरीमोरी झाली. "तसं नाही हो काका. नाटकात मरणारे. मी ईरा गवंडे. कुडाळच्या 'पुनश्च' केंद्रात काम करते. कोचरेकर आजोबा तिथे येतात ना, उपचारांना."

दाजीचं नाव निघालं तेव्हा मी तिला बसायला पाट दिला.

दाजीला झटका येऊन अकरा महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती. पाय पुष्कळसा परत आला, बोलणं परत आलं, हात मात्र आला नाही. मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग मीही जायचा थांबलो. खरं सांगायचं तर माझ्या मनात एक जुनी अढी होती. त्याचा मोठा सत्कार झाला तेव्हा भाषणात त्याने पखवाजवाल्याचं नाव घेतलं, पेटीवाल्याचं घेतलं, पेटारा वाहणाऱ्याचं घेतलं. पडणाऱ्यांचं घेतलं नाही. मी पहिल्या रांगेत नवा सदरा घालून बसलो होतो.

ईराने डबा उघडला. आत बोटाएवढ्या बाहुल्या होत्या, चाळीसेक. शिंगं, बाहेर आलेले दात, हातात काडीएवढी शस्त्रं. राक्षसांची फौज. तिने एकाला पाटावर ठेवलं. त्याने इकडेतिकडे मान फिरवली आणि धूम पळत जाऊन सुपाच्या मागे लपला.

"बघितलंत? हाच त्रास आहे," ईरा म्हणाली.

मी सूप उचललं. तो पळून माझ्या चपलेत शिरला.

मग तिने मला सगळं समजावलं. मेजावर बसून खेळायचा एक खेळ असतो. तीन-चार जणांनी एकेक वीर व्हायचं, एकाने सूत्रधार व्हायचं. सूत्रधार गोष्ट सांगतो, वीर आपण काय करतो ते बोलतात, आणि घाव लागला की नाही ते फाशावर ठरतं. संवाद लिहिलेले नसतात. ज्याला जे सुचेल ते बोलायचं. हे ऐकून मला हसू आलं. आमच्यातही कधी लिहिलेलं नसायचं. रंग लावता लावता कथा ठरायची आणि बाकी सगळं तोंडचं.

"पूर्वी या बाहुल्या हाताने सरकवायचे," ईरा म्हणाली. "आता त्या आपल्या आपण चालतात. अंगात केसाएवढे धागे आहेत. वीज गेली की धागा आखडतो, थांबली की सैल होतो. आपला स्नायू करतो तेच. डोक्यात मोहरीएवढा मेंदू आणि एक कान."

"आणि अक्कल?"

"अक्कल आम्ही घालत नाही. ती त्यांची ते शिकतात. आम्ही फक्त गुण देतो. ज्यानं गुण मिळतात ते पुन्हा पुन्हा करायचं, एवढंच त्यांना ठाऊक."

डब्यातल्या या फौजेला केंद्रात सगळे 'किरकोळ' म्हणत. खेळात एखादा मोठा राक्षस असतो, त्याला मारता मारता तास जातो. त्याच्या आधी ही किरकोळ मंडळी. यांना एकच घाव. दुसरा घाव सोसायची ताकद यांच्यात मुळी ठेवलेलीच नसते.

"मग ठेवता कशाला त्यांना?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"खेळणाऱ्याला वाटायला हवं ना की आपल्या हातात जोर आहे. आणि फौज पडल्यावर जो समोर येतो तो खरोखर मोठा वाटतो."

मी चपलेतल्या शिपायाला दोन बोटांनी बाहेर काढलं. चौतीस वर्षं मी हेच करत होतो, पण असं नीट शब्दांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

गडबड झाली होती ती गुणांची. आधी ईराने जिवंत राहण्याला गुण दिले. तर किरकोळ इतके हुशार झाले की मरेनातच. एकमेकांच्या आड लपायचे, कोणी आधीच मेल्याचं सोंग घेऊन पडून राहायचे. सात जण एका चहाच्या कपाभोवती दोन तास फिरत राहिले आणि खेळणारी म्हातारी माणसं खुर्चीत झोपून गेली. मग तिने गुण उलटे केले. मरण्याला गुण. तर ते धक्काबुक्की करत तलवारीवर येऊन पडायला लागले. एक तर फासा थांबायच्या आतच मेला.

"कोचरेकर आजोबा त्या दिवशी उठून निघाले," ईरा म्हणाली. "म्हणाले, ही माका भीक घालतत. पडाक शिकवा ह्यांका कोणीतरी."

"आणि माझं नाव सांगितलं?"

"त्यांनी नाही. त्यांच्या घरच्या वहिनींनी सांगितलं."

"तेच म्हटलं," मी म्हणालो, आणि आमसुलांवर फडकं टाकून सदरा बदलायला आत गेलो.

*

केंद्रात ब्रिजिट फर्नांडिस भेटली. हातापायांचे व्यायाम घेणारी बाई, आवाज जत्रेतल्या भोंग्यासारखा. तिने मला आधी खिडकीशी नेलं. खाली बागेतून एक पायवाट जात होती.

"ती वाट दिसते ना काका? रोज माणसं जातात म्हणून ती वाट आहे. वर्षभर कोणी गेलं नाही तर?"

"गवत वाढेल."

"दाजींच्या डोक्यात तसंच झालंय. हात मेलेला नाही. डोक्यातून हाताकडे जाणारी वाट झटक्यात मोडली. त्यांनी चार-सहा वेळा हाक मारली, हात आला नाही, मग त्यांनी हाक मारायचंच सोडलं. आता गवत वाढतंय. हजार-दोन हजार वेळा कोणी चाललं तर वाट पुन्हा होईल. पण चालायचं त्यांनी. मला त्यांच्या डोक्यात शिरून चालता येत नाही."

"चांगल्या हाताने करत असेल तो सगळं."

"म्हणून मी तो बांधते." तिने जाड कापसाचा एक हातमोजा दाखवला, उशीएवढा. "खेळ चालू असेपर्यंत डावा हात यात. फासा टाकायचा तर उजव्यानेच. बाकीचे टाकतात. दाजी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतात, मुनीसारखे."

"किती दिवस आहेत अजून?"

तिने मोजा खाली ठेवला. "वाट कायमची बंद होते असं नाही. पण वर्ष उलटलं की गवताचं रान होतं. आणि त्यांनी वहिनींना सांगून ठेवलंय, या शुक्रवारनंतर येणार नाही म्हणून."

म्हणजे आमच्याकडे चार दिवस होते.

ईराने मला एक कागद दिला, सही करायला. अक्षरं मी पंचावन्नाव्या वर्षी शिकलो, त्यामुळे वाचायला मला वेळ लागतो आणि मध्येच कोणी 'करा हो सही' म्हटलेलं खपत नाही. मी सगळा कागद वाचला. तुमची हालचाल, तुमचा आवाज, आजूबाजूचे आवाज, यातलं सगळं यंत्र शिकेल, असं त्यात होतं. मी विचारलं, "आजूबाजूचे आवाज म्हणजे कुठले?" ईरा म्हणाली, "ते असंच असतं हो काका, सगळ्या कागदांत असतं." मी सही केली. कागद मी वाचला होता आणि तिने वाचला नव्हता, हे पुढे उपयोगी पडलं.

मला एक पातळ बंडी घालायला दिली. तिच्यात बारीक तारा होत्या. मी जसा हलेन ते बाहुल्यांना कळणार होतं. खाली गादी घातली. ब्रिजिटने बजावलं, "गादीबाहेर पडलात तर मी स्वतः मारेन."

"नुसतं पडू?" मी विचारलं.

"हो."

मला जमेना. दोनदा खाली वाकलो, दोनदा तसाच उभा राहिलो. चौतीस वर्षांत मी पखवाजाशिवाय कधी मेलो नव्हतो. राजाचा घाव आला की पखवाजाची थाप पडायची आणि त्या थापेवर मी पडायचो. तिच्या आधी नाही, नंतर नाही. कधी मी मुद्दाम घटकाभर जास्त झुलत राहायचो, लोकांना मजा यायची. मग पखवाजवालाही माझ्याकडे बघत हात राखून ठेवायचा. आणि दाजी चिडून बाकावर उजव्या हाताने स्वतःच थाप मारायचा. त्याचं सिंहासन म्हणजे तो एक लाकडी बाक. ती थाप बसली की मात्र पडावंच लागायचं.

"थाप पाहिजे," मी ईराला सांगितलं. "थापेशिवाय कोणी मरत नाही."

तिने कुठून तरी जुनं ध्वनिमुद्रण काढलं आणि लावलं. मग गाडी सुरू झाली.

मी त्यांना शिकवलं ते असं. घाव लागला की आधी जमिनीकडे बघायचं नाही, आधी स्वतःच्या छातीकडे बघायचं, मग राजाकडे. विश्वास बसत नाही असं तोंड करायचं. त्या बघण्याने राजा मोठा होतो. मग झुलायचं. पडायचं ते नेहमी बाजूला, राजाच्या पायात कधीच नाही, कारण त्याला पुढच्याला मारायला जागा लागते. आणि एकदा मेलं की मेलं. नाकावर माशी बसली तरी राजा आत जाईपर्यंत हलायचं नाही.

ईरा टिपून घेत होती. "पण काका, गुण कशाला देऊ? जगण्याला की मरण्याला?"

"दोन्हीला नको. मारणाऱ्याचे खांदे बघ. आपण पडल्यावर त्याचे खांदे वर आले तर गुण दे."

तिने पेन थांबवलं. मेजाच्या कडेला डोळे असतात म्हणे, माणसांच्या बसण्यातला फरक त्यांना कळतो. तसं करता येईल, ती म्हणाली.

मंगळवार, बुधवार, गुरुवार मी पडत होतो. दिवसाला साठ-सत्तर वेळा. संध्याकाळी ब्रिजिट माझ्या कमरेला तेल लावायची आणि शिव्या घालायची. गुरुवारी दुपारी ईराने बारा किरकोळ मेजावर उभे केले, पखवाज लावला आणि स्वतः फासा टाकला. पहिल्याने छातीकडे बघितलं. मग ईराकडे बघितलं, असं की ही मुलगी आपल्याला मारेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. मग तो झुलला आणि थापेसरशी डाव्या अंगावर पडला. बोटाएवढा मी.

ईराचे खांदे वर आले. मी ते बघितलं, पण तिला सांगितलं नाही.

*

शुक्रवारी तीन वाजता खेळ बसला. ब्रिजिट सूत्रधार. खेळायला तिघं: दाजी, निवृत्त मुख्याध्यापिका कामत बाई आणि बस्त्याव रिक्षावाला. तिघांचाही एकेक हात आडमुठा, आणि चांगल्या हातांना मोजे. मी दाजीच्या समोरच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलो.

दाजीने मला बघितलं. "तू हय कित्याक?"

"बघूक इलंय."

"बघ. राजा कसो दिसता आता," तो म्हणाला आणि मोज्यातला हात उचलून दाखवला. "उशी घेवन लढाईक जाता."

वहिनी मागे बसल्या होत्या, त्या पदराआड हसल्या. मलाही हसू आलं, पण दाजी हसला नाही.

ब्रिजिटने गोष्ट सुरू केली. समुद्रातल्या किल्ल्यावर राक्षसाचा कब्जा, तीन वीर होडीतून आले, दारात बारा शिपाई. तिचा आवाज सगळ्यांना नीट ऐकू यावा म्हणून ईराने पखवाज बंद केला होता. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

कामत बाईंनी थरथरत्या हाताने फासा टाकला. घाव लागला. शिपायाने छातीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, हात पसरून झुलला. बाईंचा चेहरा खुलला. शिपाई झुलत राहिला. बस्त्यावने टाकला, त्याचाही लागला. दुसरा झुलायला लागला. ब्रिजिटला वाटलं पडतील सावकाश, म्हणून ती पुढे सांगत गेली. चार फेऱ्या झाल्या. दाजीची पाळी आली की तो मान हलवायचा आणि ब्रिजिट त्याच्या वतीने फासा टाकायची. होता होता बाराच्या बारा जणांना घाव लागले आणि बाराच्या बारा जण मेजावर उभ्याने डुलत राहिले, वाऱ्यावरच्या भातासारखे.

ईरा तिच्या पाटीवर बोटं मारत होती. "सगळे मेलेत. इथे दिसतंय, मेलेत. मग पडत का नाहीत?"

"आमच्या शाळेत असायचे असे," कामत बाई म्हणाल्या. "निकाल लागला तरी वर्गातच."

आणि मला तो कागद आठवला. आजूबाजूचे आवाज. तीन दिवस मी पखवाजावर पडलो, तर माझ्या पडण्याबरोबर त्यांनी पखवाजही शिकून घेतला होता. थापेशिवाय कोणी मरत नाही, हे मीच सांगितलं होतं. त्यांनी ते अक्षरशः पाळलं. ही चूक आज आठ गावांतल्या केंद्रांत मुद्दाम ठेवलेली आहे. ईराने ती वहीत नोंदवली आणि दुरुस्तीच्या रकान्यात लिहिलं, 'करायची नाही'. पण त्या शुक्रवारी ती नुसती चूक होती.

मी हात उचलला. मेजावर एक थाप मारली की काम झालं असतं. तेवढ्यात माझं दाजीकडे लक्ष गेलं.

तो पुढे वाकला होता. अकरा महिन्यांत कशाकडे बघितलं नसेल असा तो त्या डुलणाऱ्या शिपायांकडे बघत होता.

"कोणी शिकवल्यान ह्यांका?" त्याने विचारलं.

"मी."

"तरीच. उशीर करणारी जात." मग म्हणाला, "थापेक थांबलेत ते. बडव रे गुणा."

मी उचललेला हात मांडीखाली घातला. दुसराही घातला. "माजे हात आज सुट्टीर आसत," मी म्हटलं.

"बडव मेल्या. झुलान झुलान मरतीत."

"ती मेलेलीच आसत."

बस्त्यावने आपला मोजा उगारला. मी मेजाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला. ईराने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ब्रिजिटने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाजीकडे, आणि सूत्रधाराचा आवाज काढला. "त्या फौजेला वर होता. घाव कोणाचाही असो, राजाची थाप पडल्याशिवाय त्यांचे प्राण जाणार नाहीत. आणि प्राण गेल्याशिवाय मोठा राक्षस बाहेर येणार नाही."

"ह्या आता काढलास," दाजी म्हणाला.

"हो. खेळात असंच काढतात."

दाजीने डाव्या हाताने मेजावर मारलं. भप्प. कापसाचा आवाज तो. शिपाई डुलतच राहिले.

"ही उशी काढ, ब्रिजिट."

"पाच वाजता काढते."

दाजीने सगळ्यांकडे बघितलं. कोणी हललं नाही. वहिनींनी हातातली पिशवी घट्ट धरली होती. मग दाजीचा उजवा खांदा वर आला. नुसता खांदा. पावसात फुगलेलं दार आधी चौकटीशी करकरतं तसा. कोपर अंगापासून सुटलं. पंजा मांडीवरून घसरत मेजाच्या कडेपर्यंत आला, तिथे अडकला, पुन्हा खाली गेला. दाजीच्या कपाळावर घाम आला. दुसऱ्या खेपेला पंजा कडेवर चढला आणि पडला. मुद्दाम मारलेला नव्हे, पडलेला. सुपारी पडावी एवढा आवाज झाला.

त्याच्या अगदी जवळचा शिपाई डाव्या अंगावर कोसळला. राजाच्या पायात नाही, बाजूला.

कोणी टाळी वाजवली नाही. ब्रिजिट हळूच म्हणाली, "अकरा."

प्रत्येक शिपायाला आपापला कान होता. जवळच्याला सुपारी पुरली, पुढच्याला थोडा जास्त आवाज लागणार होता. दुसऱ्याला तीन खेपा लागल्या. तिसऱ्याला दोन. पाचव्यानंतर दाजीचा हात नुसता पडेनासा झाला, तो मारायला लागला. मधेच तो पुटपुटायचा, "बघ कसो बघता माझ्याकडे," आणि त्या शिपायाच्या नावाने मलाच शिवी द्यायचा. आठव्याला आवाज तळव्याचा आला. खांदे इतके वर आले होते की मला रंग लावलेला दाजी दिसला. ईरा पाटी बाजूला ठेवून बसली होती.

अकरावा पडला तेव्हा दाजीचा श्वास लागला होता. हात मेजावर पसरला होता, ओल्या फडक्यासारखा.

"पुरे, दाजी," ब्रिजिट म्हणाली. "आजच्यापुरतं खूप झालं."

"एक रवलो."

तो एक माझ्याच कोपऱ्यात होता, मेजाच्या दुसऱ्या टोकाला. डुलत होता बिचारा. दाजीने हात उचलला, मारला. पोचला नाही. पुन्हा मारला. नाही.

"लांब आसा," मी म्हटलं. "सोमवारी मार."

"सोमवारी मी येवचंय नाय म्हटला हा मी."

"म्हायत आसा."

दाजी त्या शिपायाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. "गुणा, उभो रव."

"कित्याक?"

"तेच्या मागे उभो रव. तुका बघल्याशिवाय माका थाप येवची नाय."

मी स्टुलावरून उठलो. बहात्तर वर्षांचे गुडघे, तीन दिवस पडलेली कंबर. शिपायाच्या मागे उभा राहिलो, नसलेली तलवार हातात धरली आणि पाय रोवले. दाजीने पाठ ताठ केली. अकरा महिन्यांत न आलेला आवाज त्याच्या तोंडून बाहेर आला, गावाच्या शेवटच्या घरापर्यंत पोचायचा तो.

"अरे अधमा, चौतीस वर्षं या पृथ्वीने तुझा भार सोसला. आता तिला विसावा दे."

मी छातीकडे बघितलं. मग राजाकडे बघितलं. विश्वास बसत नाही असं तोंड करायला मला काही करावं लागलं नाही. मग झुललो. सवयीने थोडा जास्तच झुललो.

"मेल्या, पड आता," दाजी म्हणाला, आणि हात डोक्यापर्यंत गेला.

थाप बसली. मेजावरचे फासे उडाले. शिपाई पडला आणि त्याच्या मागोमाग मी, डाव्या अंगावर, गादी नसताना. ब्रिजिटची किंकाळी ऐकू आली, खुर्च्या सरकल्या, वहिनी रडत होत्या की हसत होत्या ते डोळे मिटलेले असल्याने कळलं नाही. कोणीतरी पाणी आणायला पळालं. ब्रिजिट माझं मनगट धरून "काका, काका" करत होती आणि कामत बाई तिला सांगत होत्या, "अगं, त्यांना राहू दे, ते कामावर आहेत."

मग पाय घासत कोणीतरी मेजाला वळसा घालून आलं. माझ्या डोक्याशी थांबलं. धापा टाकत होतं.

"गुणा," दाजी म्हणाला. "बरो पडलंस."

माझ्या नाकावर माशी येऊन बसली होती. राजा अजून आत गेला नव्हता. मी हललो नाही.